पाहुणपण संपलं, शेजारपण अजून नाही

वाचकाचं पत्र

प्रिय मावशी,

मी 27 वर्षांचा आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलो, कलाभवनमधून मेकॅनिकल केलं, मकरपुरा जीआयडीसीत तीन वर्षं नोकरी केली. मग साठवलेले पैसे घेऊन बाहेर पडलो. नेपाळ, व्हिएतनाम, शेवटी जॉर्जिया. हॉस्टेलांमध्ये झाडू मारून, बिछाने लावून दीड वर्ष काढलं. त्याइतकं सुख मला कधी लागलं नव्हतं. सप्टेंबरपासून जर्मनीत, लाइपझिगला, नोकरी करतोय. पगार चांगला आहे, ब्लू कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना, आहे. घर मिळायला अडीच महिने लागले. माझं नाव वाचूनच लोक उत्तर देत नसावेत असं वाटायचं. आता घर आहे, आणि त्यात मला गुदमरायला होतं. अंधारात निघतो, अंधारात परत येतो. ऑफिसात कोणी वाईट वागत नाही, पण कोणी काही विचारतही नाही. नोव्हेंबरात माझा वाढदिवस झाला, कोणी काही केलं नाही. एका रविवारी दुपारी काचेच्या बाटल्या डब्यात टाकल्या, तर खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवून चार शब्द सुनावले. उतराणला, म्हणजे संक्रांतीला, घरी व्हिडिओ कॉल केला. गच्चीवर सगळे होते, मला धड बोलता येईना.

माझं प्रोबेशन फेब्रुवारीअखेर संपतं. तोवर दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सुटता येतं, मग अडकलोच. जॉर्जियातला हॉस्टेलवाला बोलावतोय. आई म्हणते, सगळं सोड आणि घरी ये. बाबा काहीच बोलत नाहीत. घराच्या डिपॉझिटसाठी दोन लाख त्यांनी दिले होते. काय करू? मला एका जागी राहणं जमणारच नाही का?

तुमचा, भिंगरी

ता.क. आई मेतकूट, साजूक तूप आणि लीलो चिवडो पाठवायचं म्हणते. इथे कस्टमवाले अडवतात का?

मावशीचं उत्तर

प्रिय भिंगरी,

फेब्रुवारी संपला की आपण अडकलो, असं तू धरून चालला आहेस. तिथूनच सुरू करते, कारण हिशेब तिथेच चुकलाय.

माझी भाची कार्ल्सरुहेला असते, तिथल्या कागदपत्रांच्या भानगडी तिला तोंडपाठ आहेत. तिच्याशी बोलून लिहिते आहे. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांची नोटीस, हे बरोबर. त्यानंतर कायद्याने चार आठवडे, महिन्याची पंधरा तारीख किंवा महिनाअखेर धरून. करारात याहून जास्त मुदत लिहिलेली असू शकते, बऱ्याच ठिकाणी असतेच, तेव्हा आज रात्री करार काढ आणि ते कलम नीट वाच. पण एक महिना असो की तीन, तेवढ्याला कोणी जन्मठेप म्हणत नाही. उलट सहा महिने पूर्ण झाले की, दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीला तुला सबळ कारणाशिवाय काढता येत नाही. म्हणजे मार्चपासून हात बांधले जातात ते कंपनीचे.

आता रजेचं बघ. तिथल्या कायद्यात पहिले सहा महिने रजा महिन्यागणिक थोडी थोडी साठते. सहा महिने झाले की वर्षाच्या पूर्ण रजेवर हक्क लागतो. पाच दिवसांच्या आठवड्याला किमान 20 दिवस, आणि पुष्कळ कंपन्या 28-30 देतात. हिंडायला पगारी सुट्टी सुरू होणार मार्चमध्ये आणि हिंडायला मिळत नाही म्हणून तू राजीनामा देणार फेब्रुवारीत! वाचून मी कपाळाला हात लावला, रागावू नकोस.

आता सोडलंस तर हातात काय राहतं तेही ऐक. बेकारी भत्त्यासाठी गेल्या तीस महिन्यांत बारा महिने विमा भरलेला लागतो. तुझे पाच झालेत. ते बारा भरले, तरी स्वतःहून आणि तसंच कारण नसताना नोकरी सोडली तर बारा आठवडे भत्ता रोखून धरतात. नोकरी सुटली की परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावं लागतं, आणि परवान्याची मुदत कमी करण्याचा अधिकार त्यांना आहे. भाड्याच्या घराला साधारण तीन महिन्यांची नोटीस. आणि ज्या जॉर्जियाला निघालास, तिथे आज जर्मन परवान्यावर वेगळ्या व्हिसाशिवाय जाता येतं. तो परवाना गेला की तीही सोय गेली.

तेव्हा पहिलं उत्तर: फेब्रुवारीत राजीनामा देऊ नकोस. एवढ्याचसाठी लिहिलं असशील तर इथे थांबलास तरी चालेल. पण गुदमरण्याचं काय, ते नोटिशीच्या कलमाने जाणार नाही.

तू जॉर्जियाबद्दल लिहिलेली तीन पानं इथे छापली नाहीत, पण मी ती सावकाश वाचली. त्यात डोंगर जेमतेम दोन ओळींत आटपलेत. बाकी सगळी माणसं. पहिल्याच रात्री शेजारी बसवून जेवू घालणारा मालक. सायकलवरून आलेली पोलंडची दोघं. तू केलेलं पिठलं, ज्यात कोथिंबीर म्हणून भलताच पाला पडला आणि तरी सगळ्यांनी भांडं पुसून खाल्लं. प्रत्येक पानावर कोणीतरी तुला विचारतंय: तू कुठला, घरी कोण कोण असतं, किती दिवस आहेस? हिंडणाऱ्याला हे सुख रोज ताजं मिळतं. आठवड्याने गाव बदललं की तो पुन्हा नवाकोरा. त्याच्या त्याच त्या गोष्टींचा कोणाला कंटाळा यायच्या आत त्याची सॅक पाठीवर. तुझ्या पायाला भिंगरी आहे हे खरंच, पण मला वाटतं हिंडण्यापेक्षा पाहुणा असण्याची चटक तुला जास्त लागली आहे.

लाइपझिगला तू आता पाहुणा राहिला नाहीस. तू कुठला हे विचारून झालं, त्यांना माहीत आहे. आणि किल्ली विसरलास तर ज्याच्याकडे निःशंक जाशील असा कोणाचा शेजारीही झालेला नाहीस. हा मधला काळ फार कोरडा जातो. इथे कोणी कौतुक करत नाही, कोणी हक्काने रागावत नाही. हां, रागावल्या त्या बाटल्यांच्या आजी. त्यांच्याबद्दल पुढे बोलते, कारण तुझ्या अख्ख्या पत्रात मला जरा आशेची जागा दिसली ती तीच.

तू आजवर कुठेही इतका टिकला नाहीस की हा काळ तुझ्या वाट्याला यावा. बडोद्यात तो आला नाही, कारण तिथे तू जन्मलास. तेव्हा एका जागी राहणं जमेल का, हे तुझं तुलाच अजून कळायचं आहे, मी कुठून सांगू? जॉर्जियातही पाचवा महिना येईलच. पाचव्या महिन्यात हॉस्टेलवाला तुला शेजारी बसवून जेवू घालणार नाही. वरच्या खोलीतल्या चादरी अजून का बदलल्या नाहीत, एवढंच विचारेल.

आपल्याकडच्या मराठी माणसांना हे प्रकरण नवं नाही. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर आणि त्यांच्यामागून जी कुटुंबं देशावरून, कोकणातून इकडे आली, त्यांत माझे पूर्वज होते, बहुधा तुझेही. त्यांतल्या कोणीतरी पहिल्यांदा मांडवीच्या बाजारात मोडक्या गुजरातीत भाव विचारला असेल आणि दुकानदार गालात हसला असेल. आज तू घरात मराठी, ओटल्यावर गुजराती आणि रिक्षावाल्याशी जे तोंडात येईल ते बोलत मोठा झालास. सेव-उसळ बडोद्याची म्हणून गुजरातभर नाव आहे, त्यातली उसळ कोणी बरोबर आणली याची चौकशी आता कोणी करत नाही. तुला तिथे पिढ्या घालवायला सांगत नाहीये मी. पण पाच महिन्यांत 'कोणी काही विचारत नाही' ही तक्रार जरा लवकर झाली.

भटकंतीचं तर या गावाला कधीच वावडं नव्हतं. सयाजीराव महाराज 1887 मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले ते तब्येतीसाठी. झोप लागत नव्हती, डॉक्टरांनी प्रवास सुचवला. पुढे त्यांच्या वाऱ्या इतक्या झाल्या की 1900 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने संस्थानिकांच्या परदेशप्रवासावर बंधनं घालणारं परिपत्रक काढलं, तेव्हा त्याचा रोख कोणावर आहे हे लोकांनी बरोबर ओळखलं. पण हा माणूस नुसता बघून येत नसे. अमेरिकेत ग्रंथालयं पाहिली, तर ती चालतात कशी हे समजून घेतलं आणि 1910 मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणून गावोगावी वाचनालयं उभी केली. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आपण सगळ्यांनी वापरली आहे. एखादी गोष्ट चालते कशी हे ज्याला बघायचंय त्याला तीन दिवसांचा मुक्काम पुरत नाही. तू इंजिनिअर आहेस, हे तुला मी काय सांगायचं.

घराचं तू लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. नाव वाचून उत्तर न येणं झोंबतं, झोंबायलाच हवं. फक्त हे जर्मनांचंच काही खास आहे अशी समजूत करून घेऊ नकोस. याच संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर शिकून बाबासाहेब आंबेडकर 1917 मध्ये इथे नोकरीवर रुजू व्हायला आले, तेव्हा गावात त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्यांचा धाक दाखवून बाहेर काढल्यावर ते कमाटीबागेत जाऊन बसले, पुढच्या गाडीच्या वेळेपर्यंत. आणि आजही आपल्याकडे भाड्याचा फ्लॅट बघायला गेलं की पुष्कळ ठिकाणी पहिला प्रश्न आडनावाचा आणि दुसरा खाण्याचा असतो. तुला अडीच महिने जे सोसावं लागलं ते विसरू नकोस. उद्या बडोद्यात स्वतःचा फ्लॅट भाड्याने देशील तेव्हा आठव.

बरं, आता कामाचं.

त्या आजींकडे जा. जर्मनीत रविवार म्हणजे दुकानं बंद आणि आवाज बंद. ड्रिल, व्हॅक्यूम, काचेचा खळखळाट, काही चालत नाही. काचेच्या डब्यावर बाटल्या टाकायच्या वेळासुद्धा लिहिलेल्या असतात. तू आल्याआल्या हे कोणी सांगितलं नाही, ठीक. पण त्या बाईंनी मालकाला पत्र लिहिलं नाही, जिन्यात चिठ्ठी चिकटवली नाही, वर चढून येऊन तुझं दार वाजवलं. म्हणजे त्यांच्या हिशेबात तू त्या इमारतीतला आहेस. तिळगूळ केला असशील तर चार वड्या डबीत घाल. रथसप्तमी होऊन गेली असली तर गेली, आजींना कुठे माहीत आहे! जर्मनमध्ये तीन वाक्यं घोकून जा: बाटल्यांचं माझं चुकलं, मला ठाऊक नव्हतं, हे आमच्या सणाचं गोड आहे. आत बोलावलं नाही तर बुटांकडे बघत उभा राहू नकोस, नमस्कार करून वर निघून ये. पुढच्या आठवड्यात एक प्रश्न घेऊन जा. जिना पुसायची पाळी असते का, जुने पुठ्ठे कुठे टाकायचे, तळघराची किल्ली कोणाकडे असते, असं काहीही. त्या वयाच्या बायकांना, बडोद्यात काय नि लाइपझिगला काय, माहिती विचारलेली फार आवडते. मी त्याच वयाची आहे, मला विचार.

ऑफिसचं कोडंही तुला वाटतं तितकं अवघड नाही. तिथे माणसं दुसऱ्याच्या खाजगी गोष्टीत नाक खुपसत नाहीत आणि त्याला सभ्यपणा समजतात. आपण पहिल्या भेटीत पगार, लग्न आणि आजोळ विचारतो आणि त्याला आपुलकी समजतो. तू बडोद्याच्या अपेक्षेने त्यांच्या टेबलाशी बसलास. विचारायची पाळी तुझी आहे. सोमवारी कॉफीच्या वेळी शेजारच्याला शनिवार-रविवार कसा गेला ते विचार आणि पुढच्या सोमवारी त्याच गोष्टीचा धागा पकड: 'मुलीची मॅच जिंकली का?' आणखी एक, भाचीने बजावून सांगितलंय. तिथे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा असतो. तुझा वाढदिवस नोव्हेंबरात झाला, कोणी काही केलं नाही म्हणून तू मनाला लावून घेतलंस. त्यांनी कदाचित केकची वाट बघितली असेल.

भाषेवर तू एक अक्षर लिहिलं नाहीस, त्यावरून ओळखलं. ऑफिसात इंग्रजी चालते म्हणून ए-वनवर, भाषेच्या पहिल्याच पायरीवर, गाडी थांबली आहे, होय ना? फोल्क्सहोखशूले नावाची सरकारी मदतीवर चालणारी लोकशाळा तिथे गावोगावी असते. संध्याकाळचे भाषेचे वर्ग होतात, खाजगी क्लासच्या मानाने फी बेताची. ऑनलाइन नको, वर्गात जाऊन बस. आठवड्यातून दोन संध्याकाळी तीच आठ-दहा तोंडं दिसणं, हे व्याकरणापेक्षा जास्त कामाचं आहे.

भाषेचा दुसरा उपयोग तुझ्या भिंगरीला थेट लागू पडतो. ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्याचा परवाना 27 महिन्यांनी मागता येतो, त्याला साधी ए-वनची जर्मन पुरते. बी-वन, म्हणजे तिसरी पायरी, झालं असेल तर 21 महिन्यांनीच मागता येतो. म्हणजे तुझ्या बाबतीत पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात. तो हातात आला की तुझं राहणं एका नोकरीवर टांगलेलं नसतं. नोकरी सोडली, मधे चार महिने हिंडलास, परत येऊन दुसरी धरलीस, तरी परवान्याला धक्का नाही. फक्त सलग सहा महिन्यांहून जास्त देशाबाहेर राहायचं असेल तर आधी नियम बघून घ्यायचा. ज्याला मनसोक्त हिंडायचंय त्याने आधी हा कागद मिळवावा. तुझ्या पत्रात स्थिरावणं एका टोकाला आणि हिंडणं दुसऱ्या टोकाला आहे. तिथल्या कायद्याने मात्र दोन्हींची गाठ मारून ठेवली आहे. मधल्या काळात नोकरी बदलायची झाली तर पहिल्या वर्षात त्या कार्यालयाला कळवावं लागतं, एवढं लक्षात ठेव. कंपनी खरोखरच वाईट असेल तर देश सोडण्याआधी कंपनी बदलायचा विचार कर.

तोवर हिंडणं बंद ठेव असं मी म्हणत नाही. महिनाभराचं जर्मनी तिकीट काढतोस ना? 2023 च्या मे महिन्यात 49 युरोंना सुरू झालं, नंतर महागलं, तरी देशभरातल्या सगळ्या साध्या गाड्या त्यात येतात. लाइपझिगहून ड्रेस्डेन, तिथून गाडी बदलून ग्योर्लिट्झ. तिथे नायसे नदीवरचा पूल पायी ओलांडला की पोलंडातलं झ्गोझेलेट्स. शनिवारी सकाळी निघून रात्री स्वतःच्या बिछान्यात. पासपोर्ट आणि परवान्याचं कार्ड खिशात असू दे. जर्मन परवान्यावर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे आपसांत सीमा खुल्या ठेवणाऱ्या युरोपीय देशांत, कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं. ड्रेस्डेनच्या पुढे एल्बेकाठी वाळूच्या दगडाचे सुळके आहेत, कडे चढण्याचा खेळ तिथे शंभराहून जास्त वर्षं चालत आलाय. तिथे एकटा जाऊ नकोस. आल्पेनफेराईन या गिर्यारोहण संघाची शाखा लाइपझिगला आहे, तिचा सभासद हो. जर्मनीत माणसं घरी पटकन बोलावत नाहीत, पण संघात चटकन घेतात आणि लगेच कामाला लावतात. दोर मोजायला सांगतील, कॉफी भरायला सांगतील. ज्या दिवशी कोणी म्हणेल की किल्ली तुझ्याकडेच राहू दे, त्या दिवशी मला कळव.

माझी एक अटही आहे. दर महिन्याला नवं गाव बघ, पण एका ठिकाणी पुन्हा जा. त्याच चहाच्या दुकानात, त्याच टेबलाशी. दुसऱ्यांदा गेल्यावर काय वाटतं याची तुला सवयच नाही.

आता अंधार. हे मी हलक्यात घेत नाही. बडोदं 22 अंशांवर, लाइपझिग 51 अंशांवर. डिसेंबरात तिथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, सूर्य चारच्या सुमारास मावळतो. मार्चच्या विषुवदिनानंतर तिथला दिवस बडोद्याच्या दिवसाहून मोठा होतो आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. आयुष्यातला मोठा निर्णय जानेवारीत घ्यायचा नाही, एवढं तरी मावशीचं ऐक. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाल, आभाळ भरलेलं असलं तरी.

पण झोप येत नसेल किंवा बिछान्यातून उठवत नसेल, अन्नावरची वासना गेली असेल, पंधरा-पंधरा दिवस कशातच मन लागत नसेल, तर ते 'करमत नाही'च्या पलीकडचं आहे. तुमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरची वेळ घे आणि त्यांना हेच शब्द सांग. तुझ्या पगारातून दर महिन्याला विमा कापला जातो, तो याचसाठी. दवाखाना बंद असताना 116117 वर फोन करायचा. आणि जिवाचं बरंवाईट करावं असा विचार डोक्यात आला तर क्षणभरही थांबू नकोस, 112 लाव. डॉक्टर म्हणाले घरी जाऊन ये, तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि ये. तेव्हा मी रजा, भत्ता, परवाना कशाचा हिशेब करणार नाही.

घरचं. आई 'ये' म्हणते ते तिने म्हणायचंच असतं; तिने म्हटलं नाही तर दुसरं कोण म्हणणार? पण तू उतराणच्या संध्याकाळी कॉल केलास. गच्चीवर पतंग कापल्याचं 'काइपो छे' चाललेलं, उंधियू-जलेबीची ताटं फिरताहेत, सगळा गोतावळा एका फ्रेममध्ये. त्या दिवशी लंडनपासून सिडनीपर्यंतच्या प्रत्येक बडोदेकराला परत यावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशीची वासी उतराण झाली की 16 तारखेला तीच माणसं मकरपुऱ्याच्या बसला लटकलेली असतात. बडोद्याला यायचं तर जरूर ये, पण त्या 16 तारखेसाठी ये. हातात इथली नोकरी असू दे आणि डोक्यात इथलं काहीतरी काम.

बाबांशी वेगळा फोन कर, आईच्या कॉलमध्ये पाठीमागून 'बरा आहेस ना' एवढंच विचारतात तसा नको. त्यांनी दिलेले दोन लाख बुडालेले नाहीत. तिथे डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं घेता येतं आणि घर नीट परत केलं की ते सुटतं. हे त्यांना सांग. दर महिन्याला थोडे थोडे पाठवायला लाग. ते नको म्हणतील, तरी पाठव. जाता जाता, बडोद्यातलं तुझं बचत खातं अजून साधंच असेल तर ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं खातं, करून घ्यायचं असतं, बँकेचा फॉर्म मागव. बापलेकांना बोलायला असलं काहीतरी कोरडं काम बरं पडतं.

आणि शेवटी तारीख. तुला तारखेशिवाय चैन पडणार नाही हे मला दिसतंय, म्हणून फेब्रुवारीअखेरीच्या जागी 31 ऑगस्ट घे. त्या दिवशी वर्ष पूर्ण होतं, विम्याचे बारा महिने भरतात, एक उन्हाळा बघून झालेला असतो, आणि वर्गात मन लावलंस तर निदान ए-टू पदरात पडलेलं असतं. तोवर महिन्यातून एकदासुद्धा 'सोडू का' हा विषय स्वतःशी काढायचा नाही. ऑगस्टअखेर बसून विचार कर. तेव्हाही जॉर्जियाच हवं असेल तर रीतसर नोटीस देऊन जा, मला विचारायचीही गरज नाही.

तुझी, मावशी

ता.क. मेतकूट खुशाल पाठवा, डबा पक्का बंद करून आणि वर इंग्रजीत काय आहे ते लिहून. लीलो चिवडोही चालेल. साजूक तूप मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून टपालाने दुधाचे पदार्थ आणि मांस आणता येत नाही, म्हणजे पेढे, बर्फी, चक्का सगळंच बाद. घरगुती भेटीच्या पार्सलची किंमत 45 युरोंच्या आत असेल तर जकात लागत नाही, म्हणून आईला सांग, एकदाच डोंगराएवढा खोका नको, लहान लहान दोन-तीन पाठव, तेही दिवस टाकून. तूप तिथल्या बिनमिठाच्या लोण्याचं घरीच कढव, मंद आचेवर, आणि खिडकी उघडी ठेव, नाहीतर स्मोक अलार्म वाजेल आणि रविवार असला तर आजी पुन्हा वर येतील.